शरदातील कुलदेवतादर्शन
(व्याख्यानाचा मजकूर)



श्रींच्या कृपाछत्राखाली वाढलेली महाजन कुटुंबे आज दूरदूर विखुरलेली आहेत. कोणी मुंबई-पुण्यास, कोणी बेळगाव-हुबळीस, कोणी इंदूर-बडोद्यास, तर कोणी समुद्रापलीकडे स्थायिक झाले. पोटापाण्यासाठी माणसे कोठेही गेली, तरी वर्षा-दोन वर्षांतून एकदा कुलदेवतेच्या चरणी माथा टेकण्याची इच्छा त्यांच्या ठायी कायम आहे, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र ही कुटुंबे गोमंतकात येतात केव्हा, याचा विचार केला तर असे दिसते, की बहुतेकांचे पाय एकतर मे महिन्यात इकडे वळतात, नाहीतर डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात. मे महिन्यात मुलांना सुटी असते आणि डिसेंबरात कचेरीची रजा शिल्लक असते. कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु देवदर्शनास आणि भूमिदर्शनास हे दोन्ही काळ फारसे अनुकूल नाहीत. अनुकूल काळ तिसराच आहे, आणि तो म्हणजे शरद ऋतू. आश्विन व कार्तिक हे दोन महिने गोमंतकात येणाऱ्याला जे देतात, ते वर्षाचे अन्य कोणतेही महिने देऊ शकत नाहीत. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

प्रवास आणि शरद यांचे नाते आपल्या परंपरेत फार जुने आहे. वाल्मीकींच्या रामायणात वालिवधानंतर श्रीरामचंद्रांनी पावसाळ्याचे महिने पर्वतावर काढले आणि शरद उगवल्यावरच सीताशोधाच्या कार्यास चालना मिळाली. कालिदासाच्या रघुवंशात रघुराजाला दिग्विजययात्रेची प्रेरणा देतो तो शरद ऋतूच. नद्यांना उतार पडतो, वाटांवरील चिखल वाळतो आणि प्रस्थानाची वेळ येते. मेघदूतातील यक्षाच्या शापाचा अंतही भगवान विष्णू शेषशय्येवरून उठतात त्या दिवशी, म्हणजे कार्तिकातील प्रबोधिनी एकादशीस, सांगितला आहे. विरह संपून घरी परतण्याचा काळ म्हणून कवीने शरदाच्या चांदण्या रात्रीच योजल्या. वेदकाळापासून दीर्घायुष्याचा आशीर्वाद देताना आयुष्याची वर्षे मोजली गेली ती शरदांनी. संन्यासीही चातुर्मासात एका स्थानी राहतात आणि बहुतेक मठांत भाद्रपद पौर्णिमेस सीमोल्लंघन करून संचारास मोकळे होतात. विजयादशमीला गावाची शीव ओलांडण्याची आपली प्रथा हे त्याच जाणिवेचे लौकिक रूप आहे. पावसाळ्यात थांबावे आणि शरदात निघावे, हा आपल्या पूर्वजांच्या जीवनाचा क्रम होता. शाळा-कचेऱ्यांच्या वेळापत्रकाने तो मोडला. ऋतूंनी मात्र तो मोडलेला नाही.

आता प्रथम भूमीचा विचार करू. गोमंतकात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. साधारणतः ऑक्टोबरच्या पूर्वार्धात नैर्ऋत्य मोसमी वारे माघार घेतात. त्यानंतरचे पाच-सहा आठवडे हा या भूमीचा सर्वांत समृद्ध काळ होय. पाऊस थांबलेला असतो, परंतु पाणी संपलेले नसते. देवळांच्या तळ्या काठोकाठ भरलेल्या असतात. अंत्रुजेतील कुळागरांत पाटाचे पाणी खळाळत असते. सह्याद्रीच्या कड्यांवरून ओहोळ वाहत असतात. सुमारे ३१० मीटर उंचीचा दूधसागर आपले नाव सार्थ करतो तो याच दिवसांत. मे महिन्यात येणाऱ्या यात्रिकाला त्या ठिकाणी काळ्या कातळावरून उतरणारी पाण्याची बारीक रेघ तेवढी दिसते. विहिरींनी तळ गाठलेला असतो, अग्रशाळेत पाणी जपून वापरावे लागते आणि बाहेर उन्हाची काहिली असते. त्याने पाहिलेला गोमंतक आणि आश्विनातला गोमंतक ही जणू दोन वेगळी राज्ये आहेत.

शेतीचेही असेच आहे. गोमंतकात भाताची दोन पिके घेतली जातात. पावसाळी पिकाला येथील शेतकरी सरद म्हणतो आणि हिवाळी पिकाला वायंगण. पावसात पेरलेल्या पिकाचे नाव शरदावरून पडले, कारण शेतकऱ्याने नाव दिले ते पेरणीच्या ऋतूवरून नव्हे, तर कापणीच्या ऋतूवरून. सप्टेंबरअखेरपासून शेते पिवळी होतात, विळे चालू लागतात, खळ्यांत मळणी होते. शहरात वाढलेल्या मुलाने भात ताटात पाहिलेला असतो. तो कणसात लोंबताना, कापला जाताना आणि झोडपला जाताना पाहावयाचा असेल, तर मे महिना काय कामाचा? नव्या भाताचे पोहे हा दिवाळीचा मुख्य पदार्थ का, याचे उत्तर त्याला पुस्तकातून शोधावे लागणार नाही. ते शेताच्या बांधावर मिळेल.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. शरद सर्वच बाबतींत सुखद आहे, असे नाही. पाऊस ओसरला की ऊन एकदम तापते. दुपारी अंगाची लाही होते. ऑक्टोबरात एखाद्या सायंकाळी गडगडाटासह पाऊसही पडतो. आयुर्वेदाने शरद हा पित्तप्रकोपाचा काळ मानला असून, या ऋतूत प्रखर ऊन टाळावे, मधुर व कडू रसाचा हलका आहार घ्यावा, रात्री चांदण्यात बसावे असे सांगितले आहे. त्याच शास्त्राने शरदातील पाण्याची मात्र प्रशंसा केली आहे. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवविलेले आणि अगस्त्याच्या उदयाने निर्विष झालेले हे पाणी चरकसंहितेत हंसोदक या नावाने गौरविले आहे. तात्पर्य एवढेच, की शरदातील प्रवासाचा दिवस दोन भागांत वाटावा. पहाटेपासून दहापर्यंतचा एक आणि सूर्यास्तानंतरचा दुसरा. मधला वेळ विश्रांतीचा. देवळाचा दिवसही याच क्रमाने चालतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सकाळी अभिषेक-पूजा आणि रात्री आरती. जो यात्रिक देवाच्या वेळेप्रमाणे आपला दिवस बेततो, त्याला शरदाचे ऊन बाधत नाही.

भूमीचे वैभव कोणीही प्रवासी पाहू शकतो. महाजनाला शरदात जे लाभते ते त्याहून मोठे आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून गोमंतकातील देवस्थाने जागी होतात. ती एरवी निद्रिस्त असतात असे नव्हे. नित्यपूजा बारा महिने चालतेच. परंतु नवरात्रात देवाचा सारा संसार उघड्यावर येतो. फोंडे महालातील अनेक देवळांत होणारा मखरोत्सव हे त्याचे ठळक उदाहरण. लाकडी चौकटीचे, रंगीत कागद, बेगड व फुले यांनी सजविलेले मखर सभामंडपात टांगलेले असते. त्यात उत्सवमूर्ती विराजमान होते. दर रात्री देवतेचे रूप निराळे, वाहन निराळे, सजावट निराळी. आधी कीर्तन होते. मग आरती सुरू झाली, की घुमट, शामेळ, कांसाळे, घंटा आणि शंख यांच्या एकत्रित नादाच्या ठेक्यावर ते मखर पुढे-मागे झुलू लागते. दिव्यांच्या प्रकाशात देवी भक्तांकडे येते आहे आणि पुन्हा आत जाते आहे, असा भास होतो. सभामंडपात तिळाएवढी जागा नसते. तरीही त्या क्षणी सर्वत्र एक विलक्षण एकाग्रता पसरते. ज्या मुलाने हे एकदा वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिले, त्याला पुढे आयुष्यात कुलदेवता म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आणि ज्याने ते पाहिले नाही, त्याला केवळ शब्दांनी ते समजावणे अवघड आहे.

नवरात्र संपले म्हणजे शरदाचा उत्सव संपत नाही. दसऱ्यास देवाची पालखी सीमोल्लंघनास निघते आणि आपट्याचे सोने लुटले जाते. पेडण्याच्या श्रीभगवतीच्या स्थानी रवळनाथ व भूतनाथ यांची तरंगे निघतात आणि कोजागिरीच्या रात्री पेडण्याची पुनाव भरते. एका रात्रीत आपले देऊळ बांधून द्या, असा हट्ट धरणाऱ्या भूतनाथाची समजूत काढण्याचा तो प्रसंग पाहण्यास दुरून लोक येतात. त्यानंतर दिवाळी. नरकचतुर्दशीच्या पहाटे गावोगाव नरकासुराच्या प्रतिमा जळतात, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडले जाते आणि मग दुधातले, ताकातले, गुळातले, नारळाच्या रसातले, बटाट्याचे असे नानाविध पोहे घराघरांत होतात. सगेसोयरे एकमेकांकडे पोहे खाण्यास जातात. कार्तिक शुद्ध द्वादशीस तुळशीचा विवाह. ऊस, आवळा आणि चिंच यांच्या डहाळ्यांनी वृंदावन सजते. त्या दिवसाला गोमंतकात व्हडली दिवाळी म्हणतात. त्यापाठोपाठ त्रिपुरारी पौर्णिमा येते. साखळीजवळ विठ्ठलापूर येथे वाळवंटी नदीच्या पात्रात दिव्यांनी उजळलेल्या होड्या सोडल्या जातात आणि त्रिपुरासुरवधाचा प्रसंग साजरा होतो. घटस्थापनेपासून त्रिपुरारीपर्यंतच्या या दीड महिन्यात गोमंतकाचे धार्मिक, कौटुंबिक आणि कृषिजीवन एकाच सूत्रात ओवलेले दिसते. डिसेंबरच्या अखेरीस येणाऱ्याला त्याचा मागमूसही लागत नाही. त्याला लागते ती गर्दी.

गर्दीचा उल्लेख आला, तो सविस्तर करणे आवश्यक आहे. २०२४ साली गोमंतकात एक कोटीहून अधिक पर्यटक आले. राज्याच्या लोकसंख्येच्या हा आकडा कितीतरी पटींनी मोठा आहे. वर्षअखेरच्या पंधरवड्यात रस्ते तुंबतात, निवासाचे दर चढतात आणि मोठ्या देवस्थानांच्या प्रांगणात बसगाड्यांची रांग लागते. अशा वेळी महाजन म्हणून ज्याचे नाव देवस्थानच्या नोंदवहीत पिढ्यान्पिढ्या आहे, तोही पर्यटकांच्या रांगेतील एक पर्यटकच होतो. दोन मिनिटे दर्शन, एक छायाचित्र, प्रसादाची पुडी, आणि मोटार समुद्रकिनाऱ्याकडे वळते. पुरोहिताशी चार शब्द होत नाहीत, समितीच्या सदस्यांची भेट होत नाही, आपल्या आजोबांनी दिलेली समई कोणती हे मुलांना दाखविले जात नाही. शरदात, विशेषतः कोजागिरी ते दिवाळी आणि भाऊबीज ते त्रिपुरारी या दोन टप्प्यांत, देवळात निवांतपणा असतो. अग्रशाळेत खोली मिळते. पुरोहितालाही बोलण्यास वेळ असतो. नवरात्रात आणि दिवाळीच्या चार दिवसांत मात्र गर्दी होते. त्या काळात येणाऱ्यांनी संस्थानाला आगाऊ कळविणे हिताचे ठरते.

येथे मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. कुलदेवतेकडे यावयाचे ते कशासाठी? सोळाव्या शतकात परकीय सत्तेच्या धार्मिक छळामुळे साष्टी, तिसवाडी व बारदेश या प्रांतांतील देवतांना आपली मूळ स्थाने सोडावी लागली. १५६० च्या सुमारास कुशस्थळीचा श्रीमंगेश नदी ओलांडून प्रियोळास आला. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. वेर्णेची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली. त्या काळी अंत्रुज महाल आदिलशाहीत होता आणि पोर्तुगीजांच्या ताब्यात तो गेला १७६३ साली. ज्या पूर्वजांनी रात्रीच्या अंधारात, जिवावर उदार होऊन, देवांच्या मूर्ती होड्यांतून नदीपार नेल्या, त्यांनी घरदार मागे टाकले, पण देवाचा नित्यनेम आणि उत्सव मागे टाकले नाहीत. नव्या जागी त्यांनी देऊळ उभारले आणि त्याबरोबर पूजेचा क्रम, वाद्यांचा क्रम, पालखीचा मार्ग आणि प्रत्येक कुळाचा मान हेही पुन्हा बसविले. मूर्ती हा त्या वारशाचा एक भाग आहे. उत्सव हा दुसरा भाग, आणि तो माणसांवाचून टिकत नाही.

आज चिंता आहे ती या दुसऱ्या भागाची. देवालयांच्या इमारती भक्कम आहेत, फरश्या चकचकीत झाल्या आहेत, निधीही येतो. परंतु मखर झुलविणारे हात, घुमटावर आरती वाजविणारे हात, पालखीला खांदा देणारे खांदे हे सहजासहजी मिळेनासे झाले आहेत. गावात राहिलेली मोजकी कुटुंबे आपापल्या वयोमानाप्रमाणे भार वाहतात. बाहेरगावच्या महाजनांच्या देणग्या धनादेशाने येतात, त्याबद्दल संस्थाने कृतज्ञ आहेत. पण धनादेशाला खांदा नसतो. सेवा ही पाहून, सोबत उभे राहून शिकावी लागते, आणि ती पाहावयास मिळते ती आश्विन-कार्तिकात. मे महिन्यात येणाऱ्या मुलाला देव दिसतो. देवाची सेवा कशी होते, हे त्याला दिसत नाही. ज्या सेवेचे दर्शन झाले नाही, तिची ओढ त्याला पुढे कोठून लागणार? म्हणून शरदातील प्रवास हा सुखाचा जेवढा, तेवढाच वारशाचा प्रश्न आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. नवरात्राच्या सुमारास मुलांच्या सहामाही परीक्षा असतात, नोकरदारांना दहा दिवसांची रजा मिळत नाही, मग हे सारे जमावे कसे? आक्षेप खरा आहे, पण त्याला तोड आहे. पहिली गोष्ट म्हणजे तिथी दरवर्षी सरकतात. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ती ११ ऑक्टोबरला येते. पंचांग आधी पाहून ठेवले, तर काही वर्षी परीक्षा आणि नवरात्र यांची टक्कर टळते. दुसरी गोष्ट, संपूर्ण कुटुंबाने प्रतिवर्षी नवरात्रातच यावे असा आग्रह नाही. निवृत्त वडीलधाऱ्यांनी नवरात्र करावे आणि मुलाबाळांनी दिवाळीच्या सुटीत यावे. दिवाळी संपल्यावर सुटीचे काही दिवस शाळांना बहुधा शिल्लक असतात. तेच दिवस तुळशीविवाहाच्या आसपासचे असतात. घरातील मोठ्या मुलाला मात्र तीन-चार वर्षांतून एकदा तरी मखराची एक रात्र दाखवावी. एक रात्र पुरेशी असते.

प्रवासाची साधनेही आता सुलभ आहेत. एकेकाळी मुंबईची मंडळी बोटीने पणजीच्या धक्क्यावर उतरत. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि मडगाव एका रात्रीच्या अंतरावर आले. मोपा येथील दुसऱ्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक, ज्यात गाड्या सावकाश चालविल्या जातात, ते ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत असते. तेव्हा नवरात्रात येणाऱ्यांनी गाडीच्या वेळा पुन्हा तपासाव्यात. बेळगावकडील कुटुंबे चोर्ला घाटाने येतात. त्यांना घाटातील हिरवाई याच दिवसांत भरघोस दिसते, आणि पावसाळ्यातील धुके व दरडी यांचा त्रासही पुष्कळ कमी झालेला असतो.

चार दिवसांचा मुक्काम असेल, तर त्याची आखणी साधी ठेवावी. पहिला दिवस सर्वस्वी कुलदेवतेचा. त्या दिवशी अन्यत्र कोठेही जाऊ नये. अभिषेक, दुपारचा महाप्रसाद, रात्रीची आरती आणि मुक्काम अग्रशाळेत. दुसऱ्या दिवशी फोंड्याच्या परिसरातील अन्य देवस्थाने. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी ही सारी थोड्या थोड्या अंतरावर आहेत. नागेशीच्या देवळातील १४१३ सालचा शिलालेख मुलांना अवश्य दाखवावा. अंत्रुजेत देव स्थलांतरित होऊन येण्यापूर्वीही येथे देवस्थाने नांदत होती, याची तो साक्ष देतो. तिसऱ्या दिवशी नार्व्याचा श्रीसप्तकोटेश्वर, ज्याच्या जीर्णोद्धाराची आज्ञा छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली दिली, किंवा तांबडी सुर्ल येथील कदंबकालीन महादेव, ज्याच्या शेजारून वाहणारा ओढा शरदात भरलेला असतो. चौथा दिवस आपल्या मूळ गावाचा. ज्या गावातून पूर्वज निघाले तेथे आज घर नसेल, नातलग नसतील. पण नदी आहे आणि शेत आहे. ते शेत पिवळे असताना पाहावे. समुद्रकिनारा पाहण्यास कोणाची मनाई नाही, परंतु त्याचा क्रम या चार दिवसांनंतरचा असावा.

बंधुभगिनींनो, पावसाळा संपल्यावर नद्यांचे गढूळ पाणी निवळते आणि तळ दिसू लागतो, हे शरदाचे वैशिष्ट्य सर्व प्राचीन कवींनी वर्णिले आहे. जी कुटुंबे धावपळीच्या जीवनात आपले मूळ विसरू लागली आहेत, त्यांनाही असा निवळण्याचा काळ हवा असतो. तो देवळाच्या तळीच्या पायरीवर, आश्विनातल्या चांदण्यात, आरतीची घंटा कानी पडत असता लाभतो. ज्यांनी तो अद्याप अनुभवला नसेल, त्यांनी येत्या शरदात आपल्या मुलांना आणि नातवंडांना घेऊन यावे. नोंदवहीतील नावाला उत्सवातील उपस्थितीची जोड मिळावी, मखर झुलविणाऱ्या हातांत त्यांचेही हात मिसळावेत आणि पूर्वजांनी नदीपार आणलेला हा वारसा पुढील पिढीच्या हाती सुखरूप जावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.